भट्टीवाल्यांच्या बाजूने

नम्रता कासारे पहिल्यांदा निवडून आली ती धुरामुळे. परळला त्यांच्या चाळीच्या मागच्या अंगाला बेकरी होती, आणि तिच्या भट्टीत जुने दरवाजे, मोडकी कपाटं असलं रंग दिलेलं लाकूड जळायचं. धूर सुटला की मागच्या खोल्यांतली माणसं खिडक्या घट्ट लावून बसायची. नम्रता तेव्हा बालवाडीत शिकवत होती. शेजारच्या कौसल्याबाईंना दमा. एकदा त्यांचा श्वास इतका अडकला की खुर्चीत बसवून, खुर्चीसकट खाली उतरवून त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. त्याच आठवड्यात नम्रताने बुद्धविहारात बायकांची बैठक घेतली आणि सगळ्या जणी वॉर्ड ऑफिसात जाऊन ठाण मांडून बसल्या. शेवटी बेकरीवाल्याला चिमणी उंच करावी लागली. धूर गेला नाही, पण बराचसा चाळीच्या डोक्यावरून जाऊ लागला. पुढच्या निवडणुकीत वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा पक्षाची माणसं उमेदवारी घेऊन थेट तिच्या दारात आली.

तिचा नवरा राकेश बेस्टमध्ये कंडक्टर. बायको नावाला नगरसेविका होणार आणि कारभार हाच बघणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. राकेशने मात्र पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं की त्याला त्याच्या बसच्या फेऱ्या पुरे आहेत. मग नम्रता एकटीच शिकली. आरडाओरडा तिला कधी जमला नाही. अधिकाऱ्यासमोर बसून ती विचारायची, साहेब, तुमची नेमकी अडचण काय आहे? तो सांगायचा आणि ती ती अडचण दूर करूनच परत यायची. फाइल कुठल्या टेबलावर अडते आणि कशासाठी अडते, हे तिला पक्कं कळायला लागलं. दुसऱ्या खेपेलाही ती आरामात निवडून आली.

मग मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. सभागृहच उरलं नाही. लोक दारात येत राहिले, पण आता तिच्या फोनला पलीकडून "बघतो" एवढंच उत्तर यायचं. ज्यांच्या केबिनमध्ये ती न विचारता जायची, त्यांनी चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली आणि काम तिथेच ठेवलं. घरी बसून तिला वाटायचं, एवढं शिकले ते आता कुठे घालायचं?

अशात एका दुपारी मुश्ताक परकार घरी आले. हे त्याच बेकरीचे मालक, मूळचे रत्नागिरीकडचे. इतक्या वर्षांत चाळीचा जिना ते पहिल्यांदाच चढले होते. लाकडाच्या भट्ट्या बंद करा, गॅसवर नाहीतर विजेवर जा, असा हुकूम निघाला होता. मुदत अगदी कमी होती आणि कित्येक गल्ल्यांत गॅसची पाइपलाइनच पोचलेली नव्हती. बेकरीवाल्यांच्या संघटनेला, सरकारदरबारी त्यांचं म्हणणं मांडेल असं माणूस हवं होतं.

"तुम्ही माझ्याशी भांडलात, ताई," परकार म्हणाले. "म्हणून तर आलो. आमच्या भट्टीत काय जळतं हे आमच्या वकिलाला माहीत नाही, तुम्हाला आहे."

नम्रताने दोन दिवस मागून घेतले. राकेश म्हणाला, लोक बोलतील. ती म्हणाली, लोक आताही बोलतात. मग ती परकारांची बेकरी आतून बघायला गेली. बाहेरून तिला ती पाठ होती, आत मात्र कधी पाऊल टाकलं नव्हतं. भट्टीसमोर उघड्या अंगाने उभे असलेले कारागीर, माळ्यावर त्यांच्या वळकट्या, भिंतीला टेकवून ठेवलेले पावाचे ट्रे. लांब फळीने पाव बाहेर ओढणारा माणूस खोकत होता. त्याच्याही छातीत तोच धूर जात होता, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तिने पगारावर ते काम धरलं. संघटनेचं ऑफिस गिरगावात, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. तिथून ती महापालिकेत आणि मंत्रालयात जायची. अधिकाऱ्यांना घेऊन ती गल्लीगल्लीत फिरली, पाइप कुठे येऊन थांबलाय ते दाखवलं, भट्ट्या एकदम विझल्या तर पाव खाणाऱ्यांचं काय होईल ते सांगितलं. वर्षभराची मुदतवाढ मिळाली. संघटनेने पेढे वाटले, हार घातला. त्याचा फोटो कुणीतरी मोबाइलवर चाळीत फिरवला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात कौसल्याबाई भेटल्या. इस्पितळातून आल्या आल्या वॉर्ड ऑफिसात तिच्या शेजारी येऊन बसलेल्या पहिल्या बाई त्याच. नम्रताने मुदत कशी आवश्यक होती ते समजवायला सुरुवात केली. गॅस येईपर्यंतचाच प्रश्न आहे, कारागिरांची घरं आहेत. कौसल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तेव्हा तू म्हणालीस, धूर गेला पाहिजे. आता म्हणतेस, वर्षभर थांबा," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळेला तुझं पटलं बघ मला. पण छातीला कसं पटवू?"

एवढं बोलून त्या कठडा धरत वर गेल्या. 

संघटनेच्या पुढच्या बैठकीत तिने सांगितलं की मुदत म्हणजे सुट्टी नव्हे. चाळींना, शाळांना लागून ज्या भट्ट्या आहेत त्यांनी आधी बदलायचं, आणि रंगाचं लाकूड तर आजपासून बंद. मंडळी भडकली. एकाने विचारलं, तुम्ही आमच्या बाजूने आहात की त्यांच्या? ती म्हणाली, तुमच्या. पण पुढच्या वेळी मुदत मागायची असेल, तर काय केलं ते मला दाखवावं लागेल. रिकाम्या हाताने मी जाणार नाही. बराच वेळ खडाजंगी झाली.  शेवटी परकार म्हणाले, माझ्यापासून सुरू करा.

परकारांकडे गॅसची भट्टी बसली. पावाची चव गेली असं काही गिऱ्हाइकं म्हणाली. लाकूड फोडणारे दोघं गावी निघून गेले ते परत आले नाहीत, आणि परकार ती गोष्ट अजून काढतात. त्यांच्यामागून आणखी काहींनी बदल केला. बऱ्याच जणांनी केला नाही, त्यांच्यासाठी नम्रताने पुन्हा मुदत मागितली, आणि थोडी मिळवलीही.

कौसल्याबाईंची मागची खिडकी आता उघडी असते. नम्रता एकदा मुद्दाम गेली. त्यांनी चहा केला, भाचीच्या लग्नाचं बोलल्या. पूर्वी त्या तिला 'नमू' म्हणायच्या, त्या दिवशी 'नम्रता' म्हणाल्या. बेकरीचा विषय दोघींनी काढला नाही.

मग निवडणुका लागल्या. पक्षाने पुन्हा विचारलं. वॉर्ड महिलांसाठीच होता. राकेशला वाटलं ती हो म्हणेल. 

"सभेत उभं राहिलं की एकच बाजू बोलावी लागते," रात्री भांडी आवरताना ती म्हणाली. "आता मला ते जमायचं नाही."

"पण पगार घेऊन एकच बाजू बोलतेस ती?" राकेशने विचारलं. चिडवायला नव्हे, खरंच विचारलं.

तिने हातातलं ताट पुसून फळीवर ठेवलं. म्हणाली, तेही जमेनासं झालंय, पण तिथे संघटनेत निदान दार लावून मालकांशी भांडता येतं. उमेदवारीला तिने नकार दिला. सकाळी नेहमीसारखी पर्स खांद्याला अडकवून ती गिरगावला निघाली, तिथे दोन मालक तिच्यावर रागावून तिची वाट बघत बसले होते.