गुंगालिनचा विलायती कावळा

माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला आम्ही एका ब्रिटिश सिनेनटाला कावळा म्हणून बोलावलं होतं. आमच्या घराण्यात अशी पद्धत नाही.

झालं ते असं. बाबा गेल्या वर्षी माझ्याकडेच असताना गेले, इथे ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या उत्तर टोकाला, गुंगालिनमध्ये. दहाव्याला कावळा शिवला नाही. पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर "हरकत नाही, दर्भाचा कावळा करून लावा" असं सांगून वेळ मारून नेली. पण आईला ते फार लागलं. "जन्मभर ह्यांनी कुणाचं खोटं बिल पास केलं नाही, आणि शेवटी ह्यांना गवताचा कावळा?" (बाबा सरकारी ऑडिटर. आमच्या घरी दूधवाल्याचंसुद्धा ऑडिट व्हायचं.) तेव्हा यंदा तिनं जाहीर केलं, की खराखुरा कावळा पानाला शिवेल तेव्हाच मी घास घेईन. सकाळी सवयीनं डायबेटिसची गोळी मात्र घेऊन बसली. म्हणजे पोटात गोळी, वर बिनसाखरेचा चहा, आणि वय अठ्ठ्याहत्तर.

सप्टेंबर महिना. इथल्या कॅलेंडरात वसंत, अंगणात बर्फगार धुकं, तेही दुपार झाली तरी हलायला तयार नाही. लिंबाच्या झाडाखाली बाबांचं पान मांडलं. वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. मी सोवळं नेसलेलो, वर फुगीर जॅकेट आणि डोक्यावर माझ्या मुलीचं, सईचं सायकलचं हेल्मेट, त्याला साळिंदरासारख्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या खोचलेल्या. कारण या दिवसांत इथले मॅगपाय पक्षी अंडी घालतात आणि दिसेल त्या टाळक्यावर चोच मारतात. पितरांनी मला त्या अवतारात ओळखलं असेल असं मला वाटत नाही.

आता इथल्या कावळ्याबद्दल. तो काव काव करत नाही. तो अगदी तान्ह्या पोरासारखं आऽऽ करून रडतो, ते रडणं लांबवत नेतो आणि शेवटी म्हातारं माणूस कण्हावं तसा कण्हतो. शिवाय त्याचे डोळे पांढरे असतात. काळ्या मुंडक्यात दोन पांढरे डोळे! भारतातला कावळा तुमच्याकडे चोरासारखा बघतो. हा वारसासारखा बघतो.

असा एक येऊन कुंपणावर बसला. पानाकडे बघेना, माझ्याकडे बघायला लागला.

"काहीतरी राहिलंय ह्यांचं," आई म्हणाली. "बोल, कबूल कर काहीतरी."

मी हात जोडले. "बाबा, आईला मी नीट सांभाळीन."

कावळा ढिम्म.

"ती तुझ्याकडेच आहे," माझी बायको वृंदा म्हणाली. "त्यात नवीन काय? मोठं काहीतरी बोल."

"सांगलीच्या आत्तेभावाशी बोलायला लागेन." ढिम्म. "छपराच्या पन्हळी साफ करीन." ढिम्म. "बाबा, सईला मराठी वाचायला शिकवीन!"

"डॅड, डोन्ट ड्रॅग मी इन्टू धिस," सई म्हणाली. वय वर्षं चौदा. "ही इज लिटरली अ बर्ड."

तेवढ्यात दुसरा आला. मग तिसरा. आवाज नाही, पंखांची फडफड नाही. मान वळवून बघावं तर आणखी एक बसलेला. वारा पडला. गल्लीत दिवसभर भुंकणारी कुत्री एकाएकी गप्प झाली. वृंदानं आईच्या बोटाला सुई टोचून साखर बघितली, मशीन माझ्यासमोर धरलं आणि खीर आणायला आत गेली. आईची साखर झपाट्यानं उतरत होती.

"आई, चमचाभर खीर घे गं."

"आधी ते."

आणि मग मला डेस्मंड आठवला.

डेस्मंड आमचा शेजारी. ब्रिटिश, सत्तरीच्या पुढचा, सिनेनट. लंडनच्या नाट्यशाळेत राजाच्या भूमिका करायला शिकला आणि पडद्यावर पहिलं काम मिळालं ते प्रेताचं. ते इतकं झकास वठलं की पुढची काही वर्षं तो इंग्लंडचा प्रमुख मृत इसम होता. बुडालेला, विष प्यायलेला, कपाट उघडल्यावर अंगावर पडणारा. त्यानंतर मुलांच्या एका मालिकेत त्याला कावळ्याचं काम लागलं, आणि वीस वर्षं बिचाऱ्यानं त्या कावळ्याच्या पोटात काढली. अख्खा देश कावळ्याला ओळखायचा, डेस्मंडला त्याची सासूसुद्धा ओळखायची नाही. पहिल्या बायकोनं घर नेलं, दुसरीनं गाडी नेली. तिसरी ऑस्ट्रेलियन होती. ती खुद्द डेस्मंडलाच घेऊन इकडे आली आणि इथे पोचल्यावर त्याला घेऊन आल्याचं विसरून गेली.

मी कुंपणावरून डोकावलो. "डेस्मंड, तुझा तो कावळा अजून आहे का?"

"डोकं आहे. अंग दुसऱ्या नटानं नेलं." (त्याचं इंग्रजी मी मराठीत उतरवतोय. मूळ जास्त रुबाबदार होतं.)

"डोकं चालेल. दोन मिनिटं कावळा हवाय."

"बोलायचंय?"

"फक्त शिवायचंय. पानाला."

डेस्मंड पडला जातिवंत नट. "तो कावळा तिथे का येतो? त्याला काय हवं असतं?"

मी समजावून सांगितलं. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. वडील वर्षभर अडकलेत. ऐकता ऐकता डेस्मंडचा चेहरा खडूसारखा झाला. मला वाटलं भूमिकेत शिरतोय. त्यानं गॅरेजमधून ते डोकं आणलं. माझ्या कमरेएवढं उंच, चोच हातभर, एक डोळा गळालेला.

बेत सोपा होता. वृंदानं आईला आत न्यायचं, डेस्मंडनं लिंबामागून येऊन पानाला शिवायचं, मी "शिवला, शिवला" म्हणून ओरडायचं, आईनं खीर खायची. फसवणूक होती, मान्य आहे. पण त्या मशीनवरचा आकडा तुम्ही पाहिला नव्हता.

वीस वर्षांची सवय म्हणा, डोकं चढवल्याबरोबर डेस्मंडनं आतून एक हाक दिली. आऽऽऽ. लांबलचक, शेवटी कण्हणारी.

आणि गुंगालिनमधला यच्चयावत कावळा आमच्याकडे आला. छपरावर, कुंपणावर, कपडे वाळत घालायच्या छत्रीवर, माझ्या गाडीवर. मी मोजले नाहीत, पण बसायला जागा न मिळालेले धुक्यात घिरट्या घालत होते. एकानंही चोच उघडली नाही. नुसते पांढरे डोळे, जोडीजोडीनं. त्या मोठ्या डोक्याच्या आतून बारीक आवाज आला, "मेट, मला घरी जायचंय."

नेमकी तेव्हाच आई बाहेर आली. समोर बाबांचं पान, पानासमोर उकिडवा बसलेला माणसाएवढा कावळा. चौकड्यांचा स्वेटर, पायात तपकिरी सपाता.

मी ओरडलो, "शिवला! आई, शिव..."

"सपाता घातलेला कावळा मी अजून पाहिलेला नाही," आई म्हणाली. "तू तोंड मीट. आणि साहेब, तुम्ही नीट मांडी घालून बसा, गुडघे धरतील."

एवढं बोलली आणि तिचेच गुडघे गेले. वृंदानं मागून धरलं म्हणून, नाहीतर पायरीवर आपटली असती. कपाळावर घामाचे थेंब, ओठ पांढरे. वृंदानं खिरीचा चमचा पुढे केला, तर आईनं लहान मुलासारखं तोंड घट्ट मिटलं. सई रडायला लागली. "आजी, प्लीज खा ना. प्लीज." तिनं एवढं सलग मराठी मी प्रथमच ऐकलं.

डेस्मंडनं डोकं उतरवून बाजूला ठेवलं.

"हे माझ्यामुळे आहे," तो म्हणाला.

बाबांना एक खोड होती. भेटलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात पगार विचारायचा. विमानाच्या पायलटला विचारलेला. दात काढणाऱ्या डॉक्टरला, तोंडात त्याचे हात असताना विचारलेला. डेस्मंडला ते रोज संध्याकाळी कुंपणाशी खुर्ची टाकून विचारायचे, "डेस्मंडराव, ॲक्टिंगमध्ये गेटिंग हाऊ मच?" आणि डेस्मंड रोज म्हणायचा, "लव्हली वेदर." गारा पडत असल्या तरी. डेस्मंडच्या तिन्ही बायकांना त्याची कमाई कधी कळली नव्हती. एकीनं तर त्यासाठी वकील लावला होता.

"अँब्युलन्समध्ये चढवताना त्यानं मला जवळ बोलावलं," डेस्मंड म्हणाला. "तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. मला वाटलं, गुडबाय म्हणेल."

"काय म्हणाले?"

"'मंथली ऑर इयरली?'"

मी आईला मराठीत सांगितलं. तिनं डोळे मिटूनच मान हलवली. "ह्यांचंच वाक्य आहे. सांगा म्हणावं आता."

डेस्मंडनं आमच्याकडे बघितलं, छपराकडे बघितलं. "सगळ्यांसमोर?"

"आम्ही कान झाकतो," आई म्हणाली, आणि तिनं खरंच झाकले. सईनं झाकले. मीही झाकले, फक्त बोटांत जराशी फट ठेवून. तर वृंदानं मागून माझ्या हातांवर स्वतःचे हात दाबून धरले. इतक्या वर्षांचा संसार आहे, माणूस ओळखतं.

डेस्मंड पानावर वाकला आणि कुजबुजायला लागला. एका आकड्याला लागेल त्याहून पुष्कळ जास्त वेळ तो बोलत होता. बहुतेक तपशीलवार सांगत असावा, प्रेताचे किती, कावळ्याचे किती. तेव्हा कुंपणावरचा तो पहिला कावळा खाली उतरला. चालत आला. उडत नाही, चालत, पाठीमागे हात बांधल्यासारखा. पानाशी येऊन थांबला आणि त्यानं मान तिरकी करून डावी बाजू पुढे केली.

बाबांचा उजवा कान कामातून गेलेला होता. ते अगदी असेच ऐकायचे.

माझ्या हेल्मेटखालचे केस उभे राहिले. डेस्मंड थांबला. कावळ्यानं चोच उघडून एकच आखूड आवाज काढला, प्रश्न विचारावा तसा. डेस्मंडचे ओठ हलले, आणि तेवढंच मला ओठांवरून वाचता आलं, "बिफोर टॅक्स."

कावळ्यानं त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग वडा उचलला आणि धुक्यात नाहीसा झाला. त्याच्यामागे सगळे उठले, एकदम, आवाज न करता. वर बघितलं तर छप्पर रिकामं, कुंपण रिकामं. कोपऱ्यावरच्या घरातलं कुत्रं पुन्हा भुंकायला लागलं.

आईनं डोळे उघडले. "गेले?"

"गेले," वृंदा म्हणाली आणि खिरीचा चमचा तिच्या तोंडाला लावला. आईनं एक वाटी खाल्ली, मग दुसरी. रंग परत आला तशी म्हणाली, "साहेबांना पान वाढा. अंग धरून बसलेत कधीचे." डेस्मंड आमच्या पंगतीत बसून पाच वडे जेवला आणि शेवटी म्हणाला, की वीस वर्षांत कुणी त्याचं काम इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

बाबा सुटले. आईची साखर ठिकाणावर आली. अडकलो तो मी.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही. किती असेल? लाखांत की शेकड्यांत? डेस्मंडला मी वाईन पाजली, त्याचं गवत कापून दिलं. तो म्हणतो, "ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं, मेट." परवा ऑफिसला घरून काम करतो असं कळवलं आणि भर दुपारी वडा घेऊन अंगणात गेलो. कुंपणावर एक कावळा होता. इकडेतिकडे बघितलं, जवळ गेलो आणि हळूच विचारलं, "बाबा, किती हो?"

त्यानं वडा घेतला. सावकाश खाल्ला. चोच कुंपणाला पुसली आणि मांड्यांवर सैल झालेल्या माझ्या पायजम्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी आत पळालो आणि दार लावून घेतलं. तो आकडा सांगायला नाही, माझा पगार विचारायला आला होता.