भूमिती धक्क्यावरच शिकवीन

गणपती होऊन दोन-तीन आठवडे झालेले. रविवारी सकाळी मी ठाण्याला, आमच्या चेंदणी कोळीवाड्याच्या धक्क्यावर फाटकं जाळं सांधत बसलेलो... आणि समोर बघतो तर सदू!

सदू ब्राह्मणआळीतला. कॉलेजात माझ्या वर्गात होता. होता म्हणतो, कारण प्रीव्हियसच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, परीक्षेत मी पास झालो आणि हा भूमितीत दोनदा आपटला. तिसऱ्यांदा आपटला तर काका त्याचं कॉलेज बंद करून त्याला कल्याणच्या कचेरीत उमेदवारीला बसवणार होते. वडील नाहीत, त्यामुळे काकांचा शब्द शेवटचा. आणि ह्याला तर वकील व्हायचंय!

काम काय, तर भूमिती शिकव. पण कशी? दुपारी घरातले झोपले की मी त्यांच्या परसदारानं यायचं, गोठ्यात बसून शिकवायचं आणि कुणी उठायच्या आत चालू लागायचं. खरं सांगतो, डोकंच फिरलं माझं!

कॉलेजातलं पहिलं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. वरच्या वर्गातले लोक आपापल्या ओळखीच्या पोरांना खोलीत बसवून शिकवायचे, आपली नोटबुकं द्यायचे... आणि मी बाहेर व्हरांड्यात उभा राहून खिडकीतून ऐकायचो. एकदा त्यांनी खिडकीही लावून घेतली. आता मी शिकवायचं, तर तेही चोरून? हट्!

मी म्हटलं, "शिकवीन. पण इथं. धक्क्यावर, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत. जमत असेल तर बस." तो इकडे तिकडे बघत उपड्या होडीवर टेकला. घरातून आई ओरडली, "आरं धर्मा, कोन आलाय रं? बस म्हन की त्याला!"

पहिल्याच दिवशी दुखणं कळलं. अख्खं पुस्तक पाठ! लहानपणी गुरुजींकडे संथा घेतलेली, तशीच ह्यानं भूमितीचीही घेतलेली... इंग्रजीत, पान क्रमांकासकट. घडाघडा म्हणून दाखवलं. मी फक्त त्रिकोण उलटा काढला, टोक खाली... आणि गडी अडला.

आधी मला हसू फुटलं. मग वाईट वाटलं. केवढी मेहनत केलेली पोरानं, आणि "असं का?" हे विचारायचं असतं हेच कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

मी पुस्तक काढून घेतलं. जाळी वाळत घालायचे दोन सारख्या लांबीचे बांबू आणले, वरून बांधले, खाली पाय फाकवून उभे केले. म्हटलं, आता मराठीत सांग, खालचे दोन कोन सारखे का?

दर रविवारी हेच. कोळणी टोपल्या घेऊन जाता जाता हसायच्या... "बामनाला शिकवतंय आमचा धर्मा!" बातमी आळीत पोचायला कितीसा वेळ लागणार? चौथ्या रविवारी काका स्वतः आले, नाकाला उपरणं लावून.

"सदू, ऊठ! कोळ्याच्या पोरापुढे बसतोस, लाज नाही वाटत?" माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बायका थांबल्या, होड्यांवरची माणसं थांबली. मी म्हटलं, "न्यायचं तर खुशाल न्या, काका. पण त्याआधी एक प्रश्न विचारा त्याला. वाटेल तो."

काकांनी काठीनं एका बांबूचा पाय लांब ढकलला. "आता कुठं राहिलंय तुझं सारखं?"

मला वाटलं, संपलं... पण तो वाकला, बांबू हातानं चाचपले आणि म्हणाला, "बांबू तेवढेच आहेत, काका. पाय सरकला तर दोन्ही कोन लहान झाले, पण सारखेच. उजवा डावीकडे ठेवा, डावा उजवीकडे... फरक काय पडला?"

पुस्तकातलं एक वाक्य नव्हतं त्यात! काकांनी काठी आपटली. मग त्यांनी पुन्हा "ऊठ" म्हटलं. आणि सदू म्हणाला, "नाही उठत. शिकून झालं की येईन." आणि खरंच उठला नाही पठ्ठ्या!

त्या दिवसापासून घरात त्याचं पान वेगळं मांडू लागले. तो एकटा जेवायचा. तरी त्याचा एक रविवार चुकला नाही.

परवा निकाल लागला. सदू पास! काकांनी कॉलेज चालू ठेवलं, आणि मला निरोपही धाडायला निघाले... परसदारी ये, पेढे घेऊन जा. तो निरोप माझ्यापर्यंत आलाच नाही. सदूनं घरातच सांगून टाकलं, "धर्मा येणार नाही." पेढे घेऊन तो स्वतः धक्क्यावर आला, भर दुपारी. आईच्या हातावर पहिला पेढा ठेवला त्यानं.

त्याच्यासोबत दोन पोरं होती, भूमितीत नापास झालेली. त्यातला एक इकडे तिकडे बघत विचारतो, कुठं जरा आडोशाला बसता येईल का? मी तोंड उघडायच्या आत सदूच म्हणाला, "इथंच बस. मीही इथंच बसलो." आणि बांबू उभे करायला लागला. मी निवांत जाळं सांधत बसलो.

म्हणून हा कागद. वाचून झाला की कॉलेजात पुढच्याच्या हाती द्या. भूमिती अडली असेल त्यानं रविवारी चेंदणीला यावं, कुणीही असो. ज्यांनी माझ्या तोंडावर खिडकी लावली, त्यांचं अडलं असेल तर त्यांनीही यावं... आमच्या धक्क्याला खिडकी नाही, आणि परसदारही नाही.