मधल्या बाजूचे सुभेदार

जगात शांतता राखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवलेली आहे, त्या सर्वांमध्ये रोज वेळेवर कामावर हजर होणारे गृहस्थ एकच, आणि ते पावस गावाच्या अलीकडे, आमच्या शेजारच्या घरात राहतात. निवृत्त सुभेदार; आम्ही त्यांना काका म्हणतो. सैन्यात असताना त्यांना एकदा आंतरराष्ट्रीय शांतिसेनेबरोबर एका दूरच्या देशात पाठवले होते. तिथली निळी टोपी त्यांनी अजून उतरवलेली नाही. तिचा रंग आता फार धुतलेल्या चादरीसारखा झाला आहे. वाडीतल्या दोन भावांचा गडग्यावरून वाद आहे. चिऱ्यांचा तो बांध दर शिमग्याला हातभर सरकतो, असे दोघांचेही म्हणणे. फक्त दिशेबद्दल एकमत नाही. एकदा प्रकरण कोयत्यांपर्यंत गेले, तेव्हा काका प्लास्टिकची खुर्ची घेऊन गेले आणि दोघांच्या मधोमध बसले. थोरला ओरडला, "काका, बाजूला व्हा! तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"मी मधल्या बाजूचा," काका म्हणाले आणि वहीत लिहू लागले: 'सकाळी दहा. दोन्हीकडून शिव्यांची देवाणघेवाण. जीवितहानी नाही.' दुपारपर्यंत ते उठले नाहीत. शेवटी धाकट्याने त्यांना सोलकढी आणून दिली. ते पाहून थोरल्याने भात आणि माशाचे कालवण पाठवले. काकांनी दोन्ही बाजूंची मदत समान आदराने स्वीकारली.

संध्याकाळच्या बातम्या ते उभे राहून ऐकत. कुठल्यातरी शहरावर बाँब पडलेले असत, कुठल्यातरी इस्पितळाचे छप्पर उडालेले असे, आणि शेवटी निवेदिका सांगे की जगभरातून तीव्र चिंता व्यक्त झाली आहे. त्या शब्दांवर काका खाली बसत. "झाली गो चिंता व्यक्त," ते म्हणत, आणि ते बसलेले पाहून काकू चहा ठेवत. माझ्या आठवणीत हा चहा एकदाही चुकलेला नाही.

त्यांच्या आवाराचे बांबूचे फाटक मात्र कायम उघडे. हे माणसांपेक्षा गुरांना अधिक ठाऊक होते. हापूसची कलमे काकांनी लावायची आणि गुरांनी खायची, ही व्यवस्था तीन पावसाळे सुरळीत चालली. "सगळ्या जगाचं रक्षण करतायत," काकू काठी घेऊन धावताना म्हणत, "माझी कलमं तेवढी जगाबाहेरची!" मी पदार्थविज्ञान शिकलेली, अडचण दिसली की उत्तर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. संशोधनासाठी बंगळूरला जाण्याआधी, काका बाजारात गेलेले पाहून, मी त्या फाटकाला दोरी, कप्पी आणि एक फुटका चिरा लावला. ढकलून आत यावे, मागे ते आपोआप बंद व्हावे. तीनदा चाचणी घेतली. काकूंनी खूश होऊन मला घावन खाऊ घातले.

काका परतले आणि बंद फाटकापाशी थांबले. ढकलले असते तर उघडले असते. पण ते पिशवी धरून उन्हात बाहेरच उभे राहिले. मी धावत गेले. "काका, नुसतं ढकला."

"बाहेरून कसं दिसतं ते बघत होतो," ते म्हणाले. "तिकडं मी आत होतो गो."

मग अहवाल वाचावा तसे त्यांनी सांगितले. त्यांच्या छावणीच्या फाटकाशी जवळच्या गावातली माणसे आली होती. बायका, म्हातारे, डोक्यावर भांडी. मागून बंदुका घेतलेले लोक येत होते. फाटक उघडायला वरून परवानगी हवी होती. काकांनी वायरलेसवर विचारले, पुन्हा विचारले. परवानगी आली तेव्हा ऊन कलले होते. "उघडलं आम्ही फाटक," ते म्हणाले. "बाहेर भांडी तेवढी होती."

मी चिरा सोडवला. फाटक पुन्हा सताड उघडे केले.

यंदा मे महिन्यात घरी आले. गडगा आणखी हातभर सरकला आहे. जगाची चिंता व्यक्त होतेच आहे. पण गुडघे गेल्यामुळे काका आता बातम्या बसूनच ऐकतात, त्यामुळे चहा कधी ठेवायचा हे काकूंना कळेनासे झाले आहे. एका दुपारी वारा सुटला आणि फाटक हळूहळू मिटू लागले. काका खुर्चीतून उठायची धडपड करू लागले.

"बसा काका, मी बघते."

काकूंनी उरलेल्या एकुलत्या कलमाकडे पाहिले, मग काकांकडे, आणि पडवीतून सुंभ आणून माझ्या हातात दिला. मी फाटक उघडेच ठेवून कुंपणाला घट्ट बांधले. रस्त्यापलीकडे एक गाय शांतपणे वाट पाहत होती.