थांब कुणीही म्हणावं

केरळातल्या बेपूरच्या खलाशांत मोयदू मूप्पनसारखा गळा दुसरा नव्हता. मूप्पन म्हणजे टोळीचा म्होरक्या. नदीकाठी बांधलेलं अवाढव्य लाकडी जहाज ओंडक्यांवरून पाण्यात न्यायचं, तर इंजिन नाही की बिंजिन नाही. मूप्पनची हाळी आणि माणसांचे दंड, बास! तो "ऐलसा" म्हणाला की सगळे दोराचं चक्र रेटणार.

कामाच्या आदल्या संध्याकाळी काळा चहा पीत टोळी नियम ठरवायची. दर जहाजाला, नव्यानं. जुने गडी वैतागायचे.

"अहो मूप्पन, पाठ झालंय!"

"पाठ झालंय ना? मग म्हणून दाखव."

ओढायला फक्त मूप्पननं सांगायचं. थांबायला मात्र कुणीही सांगावं, अगदी भात रांधणाऱ्यानंसुद्धा. 'थांब' कानावर पडलं की चक्र अडवायला पाचर मारायची, मग मूप्पन का बोंबलेना! आणि उगाच थांबवलं म्हणून कुणाची टर उडवायची नाही. हे शेवटचं बेपूरकरांच्या अगदी जिवावर यायचं. टर उडवल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरतो का कधी?

उतारवयात मोयदूचे कान गेले. समोरच्याचे ओठ बघून तो निभावून न्यायचा, त्यामुळे बायको बीयात्तू सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

"टोळीला सांगून टाका हो," ती म्हणायची.

"सांगू आणि घरी बसू? मूप्पनकी गेली तर माझं राहिलं काय, सांग ना!"

आणि तो कामावर जायचा.

मग एका मोठ्या भरतीला जहाज ओढताना एक ओंडका तिरपा झाला. ओंडके लावणाऱ्या बीरानचा पाय अडकला. "थांब!" तो किंचाळला. पाचरी बसल्या, चक्र थबकलं. आणि मोयदू? डोळे मिटून आपला गातोच आहे! सगळा काठ चिडीचूप, आणि म्हातारा एकटाच "ऐलसा, ऐलसा". कुणीतरी खांदा हलवला तेव्हा त्यानं डोळे उघडले. समोर बीरानला बाहेर काढत होते. नख गेलं, पाय वाचला.

मोयदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काम थांबवून सगळे चहाला बसले, तेव्हा तो उभा राहिला. "माझे कान गेलेत. लपवलं मी. दुसरा मूप्पन बघा."

बीराननं बांधलेला पाय पुढे सरकवला. "लपवलंत त्याच्या शिव्या सावकाश खा. पण तुमचा आवाज आम्हाला ऐकू येतोय ना? मग झालं तर! आम्ही काय तुमच्या कानांनी ओढतो?"

तिथंच नवा नियम ठरला. 'थांब' ओरडायचं आणि खांद्यावरचा पंचाही हलवायचा. मूप्पननं डोळे उघडे ठेवायचे. "डोळे मिटायला ही काय मैफल आहे?" बीरान म्हणाला.

दुसऱ्या दिवशीच्या भरतीला जहाज पुन्हा हललं. मोयदू गात होता, आणि टोळी त्याच्यावर नजर ठेवून रेटत होती. असली माणसं दिलीस रे अल्ला, तुझे उपकार कसे फेडू, असं त्याला झालं. डोळे भरले, समोरचं दिसेना. त्यानं पंचा ओढला आणि डोळे पुसायला लागला.

खाडकन पाचरी बसल्या.

"काय झालं मूप्पन?" बीरान लंगडत धावला. मोयदूला शब्द ऐकू आले नाहीत, पण चेहरा कळला.

"काही नाही रे बाबांनो," मोयदू म्हणाला. "रडतोय मी. ओढा!"