वन्संचे निरोप

माझी नणंद लुसेआने हिला एका जागी बसणं माहीत नव्हतं. अंगण झाडून झालं की पुन्हा झाडायची. उन्हात वाळत घातलेल्या व्हॅनिलाच्या शेंगा सकाळपासून उलथ्यापालथ्या करायची.

"अहो वन्सं, त्या शेंगांना तरी घटकाभर पडू द्या," मी म्हणायची.

"वहिनी, तू तुझं काम कर."

वयानं माझ्याहून लहान, पण नवऱ्याची बहीण. आमच्या वावाऊ बेटावर भावापेक्षा बहिणीचा मान मोठा आणि भावाच्या बायकोचा सगळ्यांत खाली. म्हणून अहोजाहो मी करायची आणि अगंतुगं ती.

तिची घालमेल मला कळत होती. तिचं मन इसिलेलीवर होतं. तो हुंगा बेटावरचा, होड्या बांधणारा सुतार. चर्चच्या सभागृहात कावा, म्हणजे मुळ्यांचं कडवट पेय, प्यायची बैठक बसायची तेव्हा लाकडी परातीतून कावा वाढायला लुसेआने असे आणि इसिलेली पोट फुगेपर्यंत पीत राही. तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा सामीउ, दारात आला असता तर तिला करवंटी खाली ठेवून उठावं लागलं असतं. भाऊ आणि बहिणीचा प्रियकर एका छपराखाली आणि मध्ये ती, असं आमच्यात होत नाही. म्हणून सामीउ त्या रस्त्यानं जाताना लांबूनच खोकायचा आणि वळून घरी यायचा. गावाला वाटे याला दमा आहे.

आता इसिलेलीला राजधानीत बोटींच्या कारखान्यात नोकरी लागली होती. एवढी वर्षं तो थांबला. या वेळी म्हणाला, "शुक्रवारच्या बोटीनं मी जातोय. तू आलीस तर लग्न करून राहू. नाही आलीस तर मी समजेन."

अडचण सासऱ्यांची. म्हाताऱ्या माकांची अर्धी बाजू लुळी पडली होती. त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं सगळं लुसेआने करायची. तिच्या हाताशिवाय ते तोंड उघडत नसत. आणि या विषयावर घरात कोण बोलणार? बहिणीच्या प्रेमाचा शब्द भावासमोर काढायचा नाही आणि भावानं तर बहिणीसमोर मुळीच नाही. मग काय, निरोप पोचवायला मी होतेच.

स्वयंपाकाच्या खोपटात लुसेआने अळूची पानं निवडत होती. "वहिनी, त्याला विचार, बाबांचं कोण करील?"

मी फणसाखाली बसलेल्या नवऱ्याकडे गेले. "सामीउ, तुझ्या बहिणीचं म्हणणं आहे..."

तो उठलाच. "मी काही ऐकलं नाही."

"ऐकलं नाहीस तर कान कशानं तापले?"

पायानं माती उकरत तो म्हणाला, "तिला सांग, व्हॅनिलाच्या वेलींना आधार लावायचाय."

मी परत खोपटात. "वेलींना आधार लावायचाय म्हणे."

"म्हणजे जा, का थांब?"

"म्हणजे वेलींना आधार लावायचाय! तुमचा भाऊ आहे, तुम्हीच अर्थ लावा." माझं डोकं फिरलं होतं. "आणि मामंजींचं मी करीन की. मी काय मेले?"

"तुझ्या हातचं ते खात नाहीत."

"भूक लागली की खातील."

ती हसली नाही. पानं खाली टाकून बाबांना बघायला गेली. बाबा झोपले होते. ती परत आली, पुन्हा गेली. त्या आठवड्यात घरात कुणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता. बघून बघून मलाही जेवण जाईना.

शुक्रवारी ती धक्क्यावर गेली. नुसता निरोप घ्यायला, असं म्हणाली, पण काखेत गाठोडं होतं. मी सोबत गेले. इसिलेली बोटीवर चढायच्या फळीपाशी उभा.

"बाबांनी सकाळी नीट खाल्लं नाही," ती म्हणाली. गाठोडं ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. बोटीकडे चार पावलं, रस्त्याकडे चार पावलं.

"उचलून नेऊ का तुला?" इसिलेली म्हणाला.

"गप्प बैस. लोक बघतायत."

"लोक कधीपासून बघतायत. तूच बघत नाहीस."

खलाशानं दोर सोडायला घेतला. लुसेआनेनं गाठोडं उचललं आणि सरळ घराच्या वाटेला लागली.

तेवढ्यात रताळ्यांच्या पोत्यांमागून सामीउ पुढे आला. कंबरेला चटई नेसलेला, चर्चला जावं तसा. तिच्या समोर उभा राहिला, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "लुसेआने, या माणसाचं तुझ्यावर प्रेम आहे. तुझंही त्याच्यावर आहे. जा त्याच्याकडे."

धक्क्यावरच्या बायांनी माना वळवल्या. एका म्हाताऱ्यानं टोपीनं तोंड झाकलं. इसिलेलीसुद्धा खाली बघू लागला. कुणी भर चौकात कपडे उतरवावेत तसं झालं. लुसेआनेचा चेहरा पांढरा पडला. घरी जाणाऱ्या रस्त्यावर तो उभा होता. तिनं गाठोड्यात तोंड लपवलं, वळली आणि धावत फळी चढली.

घरी येताना मी संतापले होते. "मूर्खा, काय बोललास ते! आता ती आपल्या उंबऱ्यात कशी येईल? दुसरं काही सुचलं नाही?"

"दुसरं काही बोललो असतो," सामीउ म्हणाला, "तर ती घरी आली असती."

मग तो रस्त्याकडेला बसला आणि रडला. मीही रडले. माझा राग त्याच्यावर होता का तिच्यावर, मला आजही सांगता येत नाही.

सासरे दोन दिवस रुसले आणि मग माझ्या हातचं खाऊ लागले. पुढची काही वर्षं मी त्यांचं केलं. मी ते आनंदानं केलं असं म्हणणार नाही, पण केलं.

ते गेले तेव्हा लुसेआने आली. माझ्या आईच्या घरी उतरली, आमच्या अंगणात पाय ठेवला नाही. दफनाला ती बायकांत होती आणि सामीउ मागे भट्टीपाशी, डुकरं भाजणाऱ्यांत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

तिची धाकटी मात्र मामाला जाऊन चिकटली. भाचीला मामाकडे काहीही मागायचा हक्क. तिनं त्याची टोपी मागितली, त्यानं दिली. ताटातलं मांस मागितलं, तेही दिलं. मग मांडीवर बसून विचारलं, "मामा, तू आईशी कधीच का बोलत नाहीस?"

सामीउनं विस्तवात एक लाकूड सारलं.

"बोललो होतो की," तो म्हणाला. "एकदा."