एकट्यासाठी एक फेरी

पलटणीचा नियम साधा होता. ज्याचं नाव इथल्या हजेरीपटावर, त्याने विमानातून उडी मारायची. मग तो बंदूक चालवणारा असो, दाढ्या करणारा असो की रस्सा ढवळणारा. बदलीचा कागद हातात पडला तेव्हाच आचाऱ्याला हे माहीत होतं. तरी त्याने सही केली.

तेहतीस वर्षांचा होता तो. आधीच्या छावणीत एकाच भटारखान्यात नऊ वर्षं काढलेली. काम चोख, हाताला चव. पण लग्नानंतर दीड वर्षाने बायको माहेरी गेली ती परत आली नाही आणि ते छावणीभर झालं. कोणी वाकडं बोललं असं नाही. उलट जेवायला येणारे त्याच्याशी जरा जास्तच मऊ बोलायला लागले. दुसऱ्यांदा भात मागतानासुद्धा "त्रास नसेल तर" म्हणायचे. ते त्याला सोसेना. जिथे आपल्याला कुत्रंही ओळखत नाही अशा जागी जावं म्हणून त्याने बदली मागितली आणि मिळाली ती नेमकी हवाई पलटणीत.

प्रशिक्षणाला चाळीस जण होते. बहुतेक विशीतले, सकाळी उठल्यापासून एकमेकांना ढकलाढकली करणारे. पहिल्याच दिवशी आचाऱ्याचा 'काका' झाला. "काका, खाली पातेलं मांडून ठेवा, सरळ त्यातच उतरा," असं कोणीतरी रोज म्हणायचं आणि तो रोज हसायचा. त्याच्यासारखा वयाने पुढे गेलेला आणखी एकच होता, भांडाराच्या कचेरीतला कारकून. एकोणतीस वर्षांचा, चष्मा पडू नये म्हणून मागून नाडी बांधलेला. शिकवणाऱ्या उस्तादाने जोड्या पाडल्या तेव्हा हे दोघे उरले. उरले म्हणून जोडीदार झाले, आणि बराकीतल्या खाटाही शेजारी आल्या.

तीन आठवडे जमिनीवरच गेले. लाकडी फळीवरून उडी मारायची, पाय जोडलेले ठेवून कुशीवर लोळण घ्यायची, उठायचं, पुन्हा फळीवर चढायचं. विमानाच्या दारासारखी एक चौकट उंच खांबांवर बांधलेली होती. तिच्यातून पट्ट्यांना लटकून सुटायचं. आचाऱ्याच्या मांड्या काळ्यानिळ्या पडल्या. कारकून मात्र दिवसभर बोलत असायचा. पुस्तकातला प्रत्येक नियम त्याला तोंडपाठ. हवाई छत्री उघडायला किती सेकंद, वारा मागून असेल तर कोणती दोरी ओढायची, सगळं तो घडाघडा म्हणायचा आणि आचाऱ्याकडून म्हणवून घ्यायचा. एकमेकांचे पट्टे तपासायचं काम जोडीदाराचं. कारकून ते इतकं बारकाईने करायचा, की उस्ताद एकदा म्हणाले, "अरे, तो उडी मारायला चाललाय, तू त्याला पार्सल करतोयस का?"

एकदा दुपारी दोघे मैदानाकडेच्या बाकावर बसले होते. आचाऱ्याने काही कारण नसताना बायकोचं सांगून टाकलं. इथे आल्यापासून त्याने त्याबद्दल कोणाजवळ ब्र काढला नव्हता.

कारकुनाने विचारलं, "ती गेली त्या दिवशी तू काय केलंस?"

"बटाटे सोलायचे राहिले होते. ते सोलले."

कारकुनाला हसू आलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग आचारीही हसायला लागला. त्या गोष्टीवर तो हसला होता तो पहिल्यांदाच, आणि त्याला फार हलकं वाटलं.

उडीच्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. छत्र्यांच्या कोठीपुढे रांग लागली. प्रत्येकाने आपल्या छत्रीचा क्रमांक वाचून वहीत सही केली. पाठीवर मोठी छत्री, छातीवर अडीनडीची छोटी, पायांमधून करकचून आवळलेले पट्टे. सरळ उभं राहणंसुद्धा कठीण. धावपट्टीच्या कडेच्या गवतावर सगळे तासभर बसून राहिले. पोरं जरा जास्तच मोठ्याने विनोद करत होती. तीन आठवडे ज्याचं तोंड मिटलं नाही, तो कारकून गवताची एकेक काडी उपटून गुडघ्यावर रांगेने मांडत होता. आचाऱ्याला ते दिसलं. विचारावं असं त्याच्या मनात आलं. पण इतकी माणसं आसपास असताना काय विचारायचं, असं म्हणून तो राहिला. पुढे हे त्याला बरेच दिवस खात राहिलं.

वजनाने जड असलेले आधी, हलके शेवटी, असा क्रम होता. आचारी सगळ्यांत हडकुळा, म्हणून सगळ्यांत मागे. त्याच्या पुढे कारकून.

विमानात इंजिनाचा इतका आवाज होता की शेजाऱ्याचं ओरडणंही ओठांवरूनच ओळखायचं. छताजवळून एक जाड तार गेली होती. उठा असा इशारा झाला. प्रत्येकाने पाठीवरची छत्री उघडणाऱ्या दोरीचा हूक तारेत अडकवला, पुढच्याच्या पाठीवरचं सामान तपासलं. आचाऱ्याने कारकुनाच्या खांद्यावर थाप मारली. कारकुनाने वळून पाहिलं नाही.

दार उघडलं आणि थंड वारा आत घुसला. लाल दिवा गेला, हिरवा लागला. एकेक जण दारात जाई आणि नाहीसा होई. रांग भराभर पुढे सरकत होती. आचाऱ्याला विचार करायला वेळच नव्हता, आणि तेच बरं होतं.

मग रांग थांबली.

कारकून दारात उभा होता. दोन्ही हातांनी त्याने दाराच्या कडा धरल्या होत्या. उस्तादांनी त्याच्या खांद्यावर मारलं, कानात ओरडले. त्याची पाठ हलली नाही. बोटं पांढरी पडली होती. दोनतीन सेकंदांत उतरायचं मैदान मागे पडलं आणि दिवा पुन्हा लाल झाला. उस्तादांनी त्याला पट्ट्याला धरून मागे ओढलं, त्याचा हूक तारेतून काढला आणि बाकावर बसवलं. ते रागावले नव्हते. ओट्यावरचं भांडं उचलून बाजूला ठेवावं तसं त्यांनी ते केलं. मग आचाऱ्याकडे बघून त्यांनी हवेत बोट गोल फिरवलं. विमान एक फेरी मारून परत येणार होतं. त्याच्या एकट्यासाठी.

ती फेरी चारपाच मिनिटांची असेल. आचारी तारेला हूक लावून उभा, आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ कारकून बसलेला. बोलणं शक्यच नव्हतं. कारकुनाच्या चष्म्यावर वाफ धरली होती. एकदा त्याने हात वर केला, आचाऱ्याच्या मांडीवरचा पट्टा ओढून पाहिला, बकल दाबून पाहिलं, आणि हात परत मांडीवर ठेवला. आचाऱ्याला त्याचा खांदा धरावासा वाटला. पण त्याचा एक हात दोरीवर होता आणि दुसरा छातीवरच्या छत्रीवर. तसेच ठेवायचे अशी शिकवण होती. त्याने ते तसेच ठेवले.

हिरवा दिवा लागला. तो कारकुनाच्या पायांना वळसा घालून दारात गेला. मागे वळलो तर त्याच बाकावर कारकुनाच्या शेजारी बसावं लागेल, हे त्याला दिसत होतं. त्याने पाऊल टाकलं.

वाऱ्याने त्याला उलटंपालटं केलं. तो आकडे मोजत होता की ओरडत होता, हे त्याला नंतर आठवेना. मग पट्ट्यांना जोराचा हिसका बसला आणि सगळं थांबलं. वर पाहिलं तर छत्री पुरती उघडलेली, गोल, भरलेली. विमानाचा आवाज लांब लांब गेला आणि विरला. इतकी शांतता त्याने आयुष्यात कधी ऐकली नव्हती. भटारखान्यात पहाटेसुद्धा काहीतरी खदखदत असतं.

त्याने चहूकडे पाहिलं. आभाळात दुसरी छत्री नव्हती. बाकीचे केव्हाच उतरले होते. खाली मैदानाच्या टोकाला मुंग्यांसारखे एका ट्रककडे सरकत होते. भीती गेली होती. आपण चांगले लोंबकळतोय, उन्हं छान आहेत, असं त्याच्या मनात आलं, आणि ते कोणाला तरी सांगावंसं वाटून त्याने खरोखरच तोंड उघडलं. मग मिटलं. जमीन एकदम अंगावर आली, त्याने पाय जोडले, कुशीवर लोळला आणि गवतात पडून राहिला. कुठे काही मोडलं नव्हतं.

छत्री गोळा करून पिशवीत भरून ट्रकपर्यंत चालायला त्याला वीस मिनिटं लागली. पोरांचा चहा पिऊन झाला होता. सगळे एकदम बोलत होते, जो तो आपलीच उडी सांगत होता. "काका, उशीर केलात, चहा संपला," एक जण म्हणाला. कारकुनाचं काय झालं हे सगळ्यांना कळलं होतं. त्याचं नाव कोणी काढलं नाही.

बराकीत आला तेव्हा शेजारच्या खाटेवरची गादी गुंडाळलेली होती. पेटी नव्हती. नकार देणाऱ्याला त्याच दिवशी, बाकीचे परतायच्या आत हलवतात. तसा नियमच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने घरी फोन लावला. घर म्हणजे मोठ्या भावाचं. फोन वहिनीने उचलला.

"वहिनी, काल उडी मारली."

"कुठून भावोजी?"

"विमानातून."

"अगंबाई! लागलं नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर. हे बाहेर गेलेत, आले की सांगते. इथे टाकीची मोटर जळलीय, दोन दिवस पाण्याची बोंब आहे बघा."

मोटरबद्दल त्याने दोन प्रश्न विचारले आणि फोन ठेवला.

आणखी चार उड्या झाल्या, छातीवर पंखांचा बिल्ला लागला आणि तो पलटणीच्या भटारखान्यात रुजू झाला. पाच महिन्यांनी कचेरीतून कारकुनाच्या नव्या नेमणुकीचा पत्ता काढून तो बसने त्याला भेटायला गेला. तीन तासांचा रस्ता. लांबलचक गोदाम, लोखंडी मांडण्या, कोपऱ्यात टेबल आणि त्यामागे कारकून. चष्म्याला आता नाडी नव्हती. त्याने चहा मागवला, गुडघ्यांची चौकशी केली, नव्या साहेबाच्या तक्रारी सांगितल्या. बिल्ल्याकडे एकदाही पाहिलं नाही. मग कप बाजूला सारून म्हणाला, "सांग. कसं होतं?"

"राहू दे."

"नाही, सांग. मला ते पुस्तकातलंच माहीत आहे."

आचाऱ्याला बोलायची सवय नव्हती, पण त्याने सुरुवात केली. हिसक्यापर्यंत आला, विमानाचा आवाज विरला इथपर्यंत आला, तेवढ्यात आतून साहेबांची हाक आली. "आलोच," म्हणत कारकून उठला. आचारी तासभर बसला. एक शिपाई येऊन म्हणाला, "मोजणी चालू आहे, त्यांना वेळ लागेल." परतीची बस एकच होती. तो निघाला.

उरलेलं त्याने लिहून पाठवायचं ठरवलं. त्याला तीन रविवार लागले. शांतता, उन्हं, मुंग्यांसारखी माणसं, सगळं लिहिलं, एकटेपणासुद्धा. दोन महिन्यांनी कारकुनाचं पत्र आलं, चारच ओळींचं.

"तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मी उडी मारली नाही हे तिला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटलं, हे माझंच लिहिलेलं आहे. मी गप्प राहिलो. तुला राग येईल."

आचाऱ्याने ते उभ्यानेच दोनदा वाचलं. राग येतोय का ते त्याने पाहिलं. येत नव्हता. त्याने त्याच दिवशी उत्तर टाकलं: "राग नाही. आईंना आवडलं का, ते कळव."

कारकुनाचं काही आलं का, असं टपाल वाटणाऱ्याला तो काही आठवडे विचारत राहिला. मग विचारायचं सोडून दिलं.