उपटलेला खांब
चुन्याच्या फक्कीचा वास आला की नाशिकच्या आमच्या क्रीडा मंडळाची शेवटची संध्याकाळ आठवते. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, सगळं एकाच मैदानावर चालायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथे दुकानांचा पाया खणणार होते. खो-खोचे खांब तर दुपारीच उपटून नेले होते. तरी सरांनी मातीवर पाणी मारलं, फक्कीनं रेषा आखल्या आणि आम्ही मुली खेळलो. खो मिळताच मी जीव खाऊन धावले, सवयीनं खांब धरून वळायला हात टाकला आणि तोंडावर आपटले. कुणीच हसलं नाही. "अगं, खांब नाहीये आता," एवढंच सर म्हणाले. परवा तिथल्याच एका दुकानात लेकीला खेळायचे बूट घेतले. पायात घालून तिनं विचारलं, "आई, पण खेळायचं कुठे?" ती उभी होती तिथेच आम्ही खेळायचो, पण ते मला सांगवेना.